हात वर करण्याआधी : महाराष्ट्रातील सरपंचांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सरपंच, उपसरपंच आणि ग्रामसभेचे सदस्य



आपल्या राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येक ठिकाणी वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असे कायदा सांगतो. त्यांच्या रूढ तारखा तुम्हाला पाठच आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. विधानसभेत आणि लोकसभेत आपल्या वतीने दुसरे कोणीतरी बोलते. ग्रामसभेत मतदार स्वतः येऊन बसतो, स्वतः बोलतो आणि स्वतः हात वर करतो. थेट लोकशाहीची इतकी सरळ जागा आपल्या व्यवस्थेत दुसरी नाही, आणि तिची एक बैठक नेमकी प्रजासत्ताक दिनी भरते. सकाळी झेंडावंदन होते ते संविधानाच्या नावाने आणि त्यानंतरच्या सभेत ठराव होतात ते गावाच्या नावाने. ही दोन नावे बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने नांदतात. ज्या वेळी नांदत नाहीत, त्या वेळेसंबंधी हे पत्र आहे.

गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या जिल्ह्यांतून एका प्रकारच्या ठरावांच्या बातम्या येत राहिल्या आहेत. अमुक धर्माच्या व्यापाऱ्यांनी जत्रेत दुकान लावू नये. अमुक समाजाच्या नव्या लोकांची नावे मतदारयादीत घेऊ नयेत. आईबापांच्या संमतीवाचून लग्न केलेल्यांना दाखला देऊ नये. गावांची नावे मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एखाद्या गावाचा नाही आणि एखाद्या पक्षाचाही नाही. वरच्या अधिकाऱ्याने असा ठराव बेकायदा ठरवला की गावातून येणारे उत्तर मात्र सगळीकडे सारखे असते : ग्रामसभा सर्वोच्च आहे, ठराव बहुमताने झाला आहे, मग लोकशाहीत आणखी काय लागते? गाव करी ते राव न करी, ही आपली जुनी म्हण या उत्तराच्या पाठीशी उभी असते. उत्तर प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिकपणेच उत्तर द्यायला हवे. ‘कायद्यात बसत नाही’ एवढे सांगून ते भागत नाही, कारण मग विचारणारा विचारतो की कायदा तरी कोणाचा, आमचाच ना?

शुद्ध लोकशाही आणि गणराज्य यांतला फरक पाठ्यपुस्तकांत सहसा असा सांगतात की पहिल्यात लोक स्वतः निर्णय घेतात आणि दुसऱ्यात ते प्रतिनिधी निवडतात. अमेरिकेच्या घटनाकारांपैकी जेम्स मॅडिसन याने १७८७ मध्ये हीच मांडणी केली आणि ती तेव्हापासून चालत आली. मला ती अपुरी वाटते. प्रतिनिधी बसवल्याने बहुमताची धार आपोआप बोथट होत नाही. प्रतिनिधींचे बहुमतही तितकेच कापू शकते, आणि याचा पुरावा शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही, रायगड जिल्ह्यातल्या महाडपर्यंत गेले तरी पुरे.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे काही झाले होते, तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. रीतसर, सभा बोलावून, मत घेऊन. डिसेंबरात सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली आणि तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई मिळवून आली. खटला पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला तो मार्च १९३७ मध्ये. या हकिकतीत हुकूमशहा कुठेच नाही. एक निवडलेली संस्था आहे, तिची दोन बहुमते आहेत, आणि पहिल्या बहुमताने दिलेले पाणी दुसऱ्या बहुमताने काढून घेतले आहे. बहुमताने मिळालेला हक्क बहुमत फिरेपर्यंतच टिकतो, हे महाडच्या नगरपालिकेने जेवढ्या स्वच्छपणे दाखवले तेवढे कोणत्याही ग्रंथाने दाखवलेले नाही.

आता संविधानातले अनुच्छेद १५ काढून पाहा. त्याच्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर सार्वजनिक खर्चाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या भारदस्त प्रकरणात विहीर आणि घाट कशाला, असे एखाद्या परदेशी अभ्यासकाला वाटेल. महाडच्या माणसाला ते वाटणार नाही. तळ्यावर कोणी जावे हा प्रश्न संविधान लागू झाल्या दिवसापासून नगरपालिकेच्या, ग्रामसभेच्या किंवा विधानसभेच्याही मताला टाकता येत नाही. गणराज्य म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे एवढेच : कोणत्या गोष्टी मताला टाकायच्या नाहीत हे शांतपणे आधी ठरवून, लिहून ठेवलेले राज्य. राजा असलेल्या काही देशांत ही शिस्त पाळली जाते आणि नावात गणराज्य मिरवणाऱ्या कित्येक देशांत ती औषधालाही सापडत नाही, त्यामुळे पाटीवर फार विसंबू नये.

थेट लोकशाहीचे आद्यपीठ म्हणून अथेन्सचा दाखला दिला जातो आणि तो द्यायलाच हवा, फक्त अर्ध्यावर सोडू नये. इसवी सनापूर्वी ४०६ मध्ये अथेन्सच्या आरमाराने आर्गिनुसाय बेटांजवळ लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरचे खलाशी वाचवता आले नाहीत. लोक संतापले. आठ सेनानींचा एकत्र, एकाच मताने निकाल लावण्याचा प्रस्ताव नागरिकांच्या सभेपुढे आला. प्रत्येकाचा न्याय स्वतंत्रपणे व्हावा असा त्यांचाच नियम होता. कोणीतरी त्या नियमाची आठवण करून दिली, तेव्हा जमावाने ओरड केली की लोकांना हवे ते करू न देणे हाच अन्याय आहे. कामकाज पाहणाऱ्या मंडळात त्या दिवशी सॉक्रेटिस होता. प्रस्ताव मताला टाकायला त्याने नकार दिला, त्याचे कोणी ऐकले नाही, आणि हाती लागलेल्या सहा सेनानींना मृत्युदंड झाला. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला, तोवर सेनानी गेले होते. इथवरची गोष्ट लोकशाहीला नाके मुरडणारे आवडीने सांगतात. तिचा उत्तरार्ध ते सांगत नाहीत. मधल्या काळात अथेन्सने युद्ध गमावले, लोकशाही गेली आणि ४०३ मध्ये परत आली. परत आली तेव्हा त्याच लोकांनी नियम केला की सभेचा कोणताही ठराव कायद्याहून वरचढ असणार नाही, आणि एकट्यादुकट्या व्यक्तीला उद्देशून कायदा करायचा तर सहा हजार जणांचे गुप्त मतदान लागेल. कोणी राजाने किंवा परक्या न्यायाधीशाने त्यांच्यावर हा लगाम घातला नव्हता. जगातल्या सगळ्यात थेट लोकशाहीने आपल्या चुकीची किंमत मोजून तो स्वतःला घालून घेतला. आपल्या जत्रेबद्दलच्या आणि दाखल्याबद्दलच्या ठरावांना हीच मोजपट्टी लावून पाहा : त्यांतला ठराव गावाच्या कामाबद्दल आहे की गावातल्या काही माणसांबद्दल?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. गाव म्हणजे कोण? आपल्या नियमाप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल त्या संख्येने होते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. चार हजार मतदारांच्या गावात शंभर जण जमले आणि एकावन्न हात वर झाले की ‘गावाने’ ठराव केला असे म्हणतात. चार हजारांत एकावन्न म्हणजे दीड टक्कासुद्धा होत नाही. त्यातही २६ जानेवारीची सभा घ्या. बीडच्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत त्या दिवशी ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. गावातले सर्वांत गरीब मतदार गैरहजर असताना गायरानाचा, पाण्याचा, घरकुलाच्या यादीचा ठराव होतो आणि तो त्यांच्याही नावाने होतो. महिलांची वेगळी सभा ग्रामसभेआधी घ्यावी अशी तरतूद आहे. ती किती ठिकाणी खरोखर भरते आणि किती ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा होतात, हे माझ्यापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक.

सभेबाहेर राहिलेल्यांचा हा प्रश्न सभा स्वतः सोडवू शकत नाही, याचे ठळक उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. अपेन्झेल इनरऱ्होडेन या छोट्या प्रांतात आजही वर्षातून एकदा चौकात लोक जमतात आणि हात वर करून निर्णय घेतात. आपल्या ग्रामसभेचे हे थोरले भावंडच म्हणायचे. त्या देशाने स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार दिला तो १९७१ मध्ये, तोही पुरुषांच्या सार्वमताने आणि १९५९ मध्ये एकदा नाकारून झाल्यावर. अपेन्झेलचे पुरुष मात्र प्रांताच्या सभेत स्त्रियांना घ्यायला तयार होईनात. एप्रिल १९९० मध्ये त्यांनी पुन्हा एकदा बहुमताने नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने देशाच्या घटनेवर बोट ठेवून त्यांचा निर्णय बाजूला सारला आणि १९९१ मध्ये स्त्रिया पहिल्यांदा त्या चौकात उभ्या राहिल्या. सभेत नसलेल्यांना सभेत घ्यावे की नाही यावर मत द्यायला फक्त सभेत असलेलेच हजर होते! त्या कोंडीतून सुटायला सभेच्या बाहेरचा, सभेहून आधीचा नियम लागला. आपल्याकडे हा नियम १९५० मध्येच लिहिलेला होता, त्यामुळे तुमच्या ग्रामसभेत कोणी बसावे हे तुमच्या आजोबांच्या पिढीच्या मनावर सोडले गेले नाही. ते सोडले असते तर आज किती सरपंच खुर्चीवर असते आणि किती सभेबाहेर, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या गावापुरता करावा.

यावर एक जोरकस आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे, निदान निम्मा. आक्षेप असा की इतिहासात गावसभा जिंकल्या तेव्हा त्या न्यायाच्या बाजूने होत्या आणि वरचे निवडलेले लोक कंपन्यांच्या बाजूने. ओडिशातला नियमगिरी डोंगर पाहा. बॉक्साइटच्या खाणीला मोठमोठी मंडळी अनुकूल असताना २०१३ मध्ये डोंगरिया कोंधांच्या बारा गावांच्या सभा झाल्या आणि बाराच्या बारा सभांनी खाण नाकारली. आपल्या गडचिरोलीतले मेंढा (लेखा) पाहा : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा देणाऱ्या या गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने मागाहून परिपत्रक काढून इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. इथे गाव पुढे होते आणि राव मागे.

सगळे खरे. पण या तिन्ही ठिकाणी काय घडले ते जवळून पाहायला हवे. नियमगिरीच्या सभांना निर्णयाचा अधिकार बहुमताने दिला नव्हता. राज्याचे बहुमत तर उलट दिशेला होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेले हक्क आणि एप्रिल २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्या बळावर त्या सभा भरल्या. गणराज्याने बहुमताला घातलेल्या कुंपणाच्या आतच त्या आदिवासींची थेट लोकशाही सुरक्षित होती. मेंढ्याची गोष्ट तर माझ्या म्हणण्याला आणखी जवळची आहे. ते गाव बहुमताने निर्णय घेतच नाही. निर्णय सर्वसहमतीने होतो, एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, आणि सभेआधी अभ्यासगटात त्याची फोड होते. ज्या गावाचे उदाहरण आपण थेट लोकशाहीचे म्हणून देतो, त्या गावाने एकावन्न हातांवर विश्वास ठेवलेला नाही. हेरवाडचा ठराव कोणाचे काही काढून घेत नव्हता, विधवांना त्यांचे परत करत होता. त्याच्याशी बहिष्काराचा ठराव एका तागडीत तोलता येणार नाही, मग दोन्हींच्या खाली सारख्याच सह्या का असेनात.

आक्षेपाचे दुसरे टोक न्यायालयांकडे आहे. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी लोकांचे निर्णय का अडवावेत? शिवाय तेही मतानेच ठरवतात : संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही हा केशवानंद भारती खटल्याचा निकाल तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा असा झाला. (तारीख २४ एप्रिल १९७३. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी दुरुस्ती बरोबर वीस वर्षांनी त्याच तारखेला लागू झाली, म्हणून आपण २४ एप्रिलला पंचायत राज दिन पाळतो. योगायोगच, पण बोलका.) आणि ही रखवालदारी नेहमी चोख असते असेही नाही. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की अटकेविरुद्ध दाद मागण्याचा नागरिकाचा हक्क सरकार थोपवू शकते. न्या. हंसराज खन्ना तेवढे एकटे विरोधात उभे राहिले. ती चूक दुरुस्त केली मतदारांनी, १९७७ मध्ये सरकार बदलून, आणि नव्या संसदेने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे कुंपणाची राखण शेवटी लोकांनाच करावी लागते, हे मी नाकारत नाही. फक्त लक्षात घ्या की त्या वेळी लोकांनी बहुमताचा उपयोग कुंपण पाडायला नाही, डागडुजीला केला : जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येणार नाही असे त्या दुरुस्तीने लिहून ठेवले.

शेवटचा मुद्दा तुमच्या स्वतःच्या खुर्चीचा आहे. सरपंचाची थेट जनतेतून निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. विधानसभेतले बहुमत जसे बदलले तसा तुमच्या निवडीचा मार्ग बदलला आणि तुम्हाला कोणी विचारले नाही. पण या तिन्ही सरकारांपैकी एकालाही ग्रामसभा रद्द करता आली नसती, स्त्रियांचे आणि अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण काढून टाकता आले नसते किंवा पंचायतीची मुदत पाच वर्षांपलीकडे ताणता आली नसती. त्या गोष्टी संविधानात आहेत, विधानसभेच्या मतापलीकडे. १९९३ पूर्वी तशा त्या नव्हत्या, आणि अनेक राज्यांत पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबत. मुंबईच्या बहुमतापासून गावाला वाचवणारा कायदा आणि गावाच्या बहुमतापासून एका घराला वाचवणारा कायदा एकाच पुस्तकात आहे. पहिला हवा आणि दुसरा नको, अशी निवड करता येत नाही. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले की मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याचा त्यांना आनंद आहे. गावाबद्दलचे त्यांचे शब्द फार कडू होते आणि पुष्कळांना ते आजही लागतात. नंतर पंचायतींचा उल्लेख अनुच्छेद ४० मध्ये आला, ७३ व्या दुरुस्तीने गावालाही स्थान मिळाले. व्यक्तीचे स्थान मात्र हलवलेले नाही.

म्हणून काही साध्या विनंत्या करतो. विषयपत्रिकेवर एखाद्या व्यक्तीच्या किंवा समाजाच्या विरोधातला विषय आला, तर तो कोणत्या कलमाखाली येतो हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सभेतच वाचून दाखवायला सांगा. कलम सापडले नाही तर विषय मताला टाकू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य आहे. २०१६ च्या त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि ‘गावाने ठरवले’ हा बचाव त्यात नाही. कोणी विरोध केला तर नाव आणि कारण यांसह प्रोसिडिंगमध्ये नोंदवा. वाद तापलेला असेल तर हात मोजू नका, चिठ्ठी घ्या. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ग्रामसभेपुढे येतो तेव्हा गुप्त मतदान होते आणि दारूचे दुकान बंद करताना ‘आडवी बाटली’चे मतही गुप्तच असते, मग शेजाऱ्याच्या पोटावर येणाऱ्या ठरावाला एवढाही आडोसा नसावा, हे बरे नाही. आणि ऊसतोडीला माणसे जाणाऱ्या गावांनी २६ जानेवारीला झालेले जमिनीचे, पाण्याचे आणि घरकुलांचे ठराव १ मेच्या सभेत पुन्हा वाचून पुन्हा मंजूर करून घ्यावेत. तोवर बहुतेक कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात आणि टोळ्या घरी आलेल्या असतात.



आपला,
एक मतदार